पुन्हा का, हे विचारायलाच हवे

ऋतू पालटला की छाती भरायचीच. पाच दिवस गोळ्या घ्या, वाफ घ्या, हळदीचे दूध प्या आणि कामाला लागा. वर्षातून तीनदा कफ झाला म्हणून तपासण्या मागणारे लोक आजाराचा बाऊ करतात, असे एका गृहस्थांनी नुकतेच ठणकावून सांगितले. पूर्वीची माणसे कुठे स्कॅन काढत होती, असेही त्यांनी विचारले. पूर्वीची माणसे क्षयाने मरत होती, एवढे उत्तर त्याला पुरे.

‘गोळ्यांनी बरे वाटते ना?’ हा त्यांचा मुद्दा मात्र असा सोडता येत नाही. बरे वाटते, आणि घात तिथेच होतो. लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक क्षयाच्या जंतूंवरही चालते. ताप उतरतो, खोकला निवतो, बेडक्यात जंतू सापडेनासे होऊ शकतात आणि निदान लांबते. तोवर घरातल्या मुलांना लागण होण्याची भीती. दमेकऱ्याला त्याच चिठ्ठीतल्या स्टेरॉइडने उतार पडतो, श्रेय प्रतिजैविक घेऊन जाते. जुन्या क्षयाने किंवा लहानपणीच्या डांग्या खोकल्याने श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या असतील, तर तिथे कफ साचतच राहतो. प्रत्येक कोर्स जंतू मारतो, नळी तशीच राहते. श्वासनलिका रुंदावण्याचा हा आजार फ्रेंच डॉक्टर लेनेकने 1819 साली वर्णिला. दोनशे वर्षांनंतरही ‘हवा बदलली’ म्हणून रुग्णाला वाटेला लावायचे? मुलाच्या फुप्फुसात त्याच जागी तिसऱ्यांदा न्यूमोनिया होतो, तेव्हा श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा हळदीच्या दुधाने निघत नाही. तो दुर्बिणीनेच काढावा लागतो.

चुलीवरच्या भाकरीची चव सांगणाऱ्यांशीही आम्ही असेच भांडलो आहोत. जन्मात विडीला हात न लावलेल्या बाईची फुप्फुसे धुराने निकामी होत, आणि घरचे म्हणत, वयाचा खोकला आहे. तिच्या खोकल्याचे कारण शोधावे, असे कुणाला वाटलेच नाही. तीच बेफिकिरी या गृहस्थांच्या बोलण्यात आहे.

तपासण्यांचा खर्च? वर्षभराच्या औषधांची बिले एकदा मांडून पाहावीत.

मग करावे काय? खोकला दोन आठवडे टिकला तर बेडका तपासावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. प्रत्येक वेळचा एक्स-रे जपून ठेवावा आणि सारे एकदम डॉक्टरांपुढे मांडावेत. दर वेळी तीच जागा असेल तर अडथळा शोधावा. जागा बदलत असेल तर रक्तातली साखर, प्रतिकारशक्ती, गिळताना लागणारा ठसका यांकडे पाहावे. सगळ्यांना स्कॅन लागत नाही, हे मान्य. पण लागतो की नाही, हे ठरवायला कोणीतरी छाती नीट तपासून जुने कागद वाचायला हवेत. एवढे मागणे म्हणजे बाऊ करणे नव्हे. पुढच्या कोर्सची चिठ्ठी हातात घेण्याआधी रुग्णाने ‘हे पुन्हा का होते?’ असे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर छातीच्या तज्ज्ञाकडे जावे.