किनाऱ्यावर कोण आहे?

कयाक उलटली म्हणून माणूस मरतोच असे नाही. उलटल्याचा कोणाला तासन्‌तास पत्ताच लागला नाही, तर मात्र त्याचे वाचणे कठीण होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम बे येथे, 22 मार्च 1993 रोजी हेच घडले. प्लिमथच्या एका शाळेतील आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि साहस-केंद्राचे दोन प्रशिक्षक सकाळी लाइम रीजिसहून शेजारच्या चारमथला निघाले. अंतर तीन किलोमीटरच्या आसपास, दुपारच्या बाराला पोचायचा बेत. निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला. दुसऱ्याने मुलांना आपापल्या कयाक एकमेकींना धरून ठेवायला सांगितले. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. हा सगळा जुडगा बघता बघता आत ओढला गेला. पाणी अडवणारे आच्छादन नसल्याने लाटांचे पाणी कयाकमध्ये शिरत गेले आणि त्या एकामागून एक बुडाल्या. इशाऱ्याचे फ्लेअर जवळ नव्हते. मुले मार्चमधल्या थंडगार पाण्यात तरंगत राहिली.

बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. केंद्राने तटरक्षकांना कळवले ते साडेतीनच्या सुमारास. हेलिकॉप्टर मुलांपर्यंत पोचेस्तोवर साडेपाच उलटून गेले होते. सोळा-सतरा वर्षांची चार मुले दगावली.

संताप येतो तो पुढच्या भागाचा. प्रशिक्षकांजवळ कयाकिंगचे अगदी पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र होते. त्याच केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आधल्या वर्षीच नोकरी सोडली होती आणि इथल्या सुरक्षेची अवस्था सुधारा, नाही तर एखाद्याचे मूल घरी परतणार नाही, अशा अर्थाचे पत्र चालकाच्या हातात ठेवले होते. न्यायालयाने तेच पत्र त्याच्यापुढे धरले. 1994 च्या डिसेंबरात चालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली (अपिलात ती दोनवर आली), कंपनीला 60,000 पौंडांचा दंड झाला. इंग्लंडमध्ये या गुन्ह्यासाठी कंपनी दोषी ठरण्याची ती पहिली वेळ. पुढच्याच वर्षी मुलांच्या साहस-केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. बैल गेला नि झोपा केला हे खरे, पण निदान झोपा केला तरी.

आपल्याकडे कयाकिंग आता मालवण, गोव्यातल्या खाड्या, पवना, मुळशी असे सगळीकडे पोचले आहे. सूर्योदयाची कयाक, सूर्यास्ताची कयाक. कोकणात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. पूर्वी शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. त्यांना शीड होते आणि वाऱ्याची जाण होती. हौशी पर्यटकाजवळ एक वल्हे आणि प्लास्टिकच्या पिशवीत गळ्याला अडकवलेला मोबाइल असतो. मतलईत किनाऱ्यालगतचे पाणी तुळतुळीत दिसते, कारण लाट उठायला वाऱ्याला अजून जागाच मिळालेली नसते. फसवतो तो हाच तुळतुळीतपणा. आत जाताना हात दुखत नाहीत. दुखतात ते परतताना.

आणि लाइफ जॅकेट? भाड्याने मिळणारे ते नारिंगी प्रकरण एकदा नीट पाहा. एक बक्कल तुटलेले, त्या जागी सुतळीची गाठ, मांड्यांमधून घ्यायचा पट्टा मागे शेपटासारखा लोंबत असलेला. खांद्याला धरून वर ओढा. ते कानांपर्यंत सरकले, तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहील आणि तुम्ही खाली. फोटो छान यावा म्हणून ते काढून पायाशी ठेवणारे तर पुष्कळ. अमेरिकी तटरक्षक दलाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांनुसार बोटिंग करताना बुडून मेलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेलेच नव्हते. पोहता येते हा जॅकेटला पर्याय नव्हे, हे आपल्या नदीकाठच्या शूरांना कोणीतरी सांगायला हवे.

महाराष्ट्राचे साहसी पर्यटन धोरण 2021 पासून आहे, नोंदणीची तरतूदही आहे. तरी आपली यंत्रणा हलते ती प्रेते मोजून झाल्यावरच. वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी 2024 मध्ये सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या, तेव्हा जॅकेटांचा प्रश्न निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या गेटवेहून निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट बुडाली, तेव्हा कुठे फेरीबोटीत जॅकेट लगोलग सक्तीचे झाले. अशी सक्ती किती दिवस टिकते, हे वाचकांना सांगायला नको.

तेव्हा निदान आपले आपण पाहावे. भाडे देण्याआधी कयाकवाल्याला विचारा: आम्ही किती वाजता परत यायचे, ते तू कुठे लिहून ठेवलेस? नाही आलो, तर किती मिनिटांनी कोणती बोट घेऊन निघणार? तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक तुला ठाऊक आहे का? तो नुसता हसला, तर पैसे खिशातच राहू द्या आणि सूर्यास्त वाळूवर बसून पाहा.