रास्त भाडे आणि चोख दप्तर

घर भाड्याने देणे हा वरकरणी दोन व्यक्तींमधला खासगी व्यवहार असला, तरी ज्या शहराची भरभराट बाहेरून येणाऱ्या माणसांच्या आधारावर उभी आहे, त्या शहरात तो सार्वजनिक हिताचा प्रश्न ठरतो. आणि छत्रपती संभाजीनगर हे निःसंशय असे शहर आहे. १९५८ साली येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, पुढे चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून विद्येसाठी वा पोटासाठी निघालेल्या तरुणाचा पहिला मुक्काम बेगमपुऱ्यातल्या एखाद्या रूमवर किंवा बजाजनगरातल्या वन रूम किचनमध्ये पडू लागला.

आयुष्याची पुंजी घालून आणि कर्जाचे हप्ते फेडीत ज्याने दोन मजले चढविले, त्याला त्या मिळकतीचा उचित मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु अन्याय पुष्कळदा भाड्याच्या ठरलेल्या आकड्यात नसतो. तो त्या आकड्याबाहेर, ज्याचा कागद होत नाही अशा रकमांत दडलेला असतो. जिन्याखाली सबमीटर बसविलेला असतो. महावितरणच्या बिलात दर वापराच्या टप्प्यांनुसार बदलतो, मालकाचा दर मात्र सर्व युनिटांना एकच आणि तोही चढा. घर सोडताना अनामत रकमेतून रंगकामाच्या नावाखाली हजारो रुपये वळते होतात आणि भिंत तशीच राहते. श्रावणात ‘पाण्याचा काही त्रास नाही’ असे सांगितलेले असते; चैत्रात बोअर आटते आणि टँकरची वर्गणी माणशी मागितली जाते. नाथसागर जलाशय इतका जवळ असूनही ज्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, तेथे पाण्याची अट मोघम ठेवणे म्हणजे भाडेच मोघम ठेवणे होय.

घरमालकाच्या मनातील भयही समजून घेतले पाहिजे. एकदा घरात शिरलेला भाडेकरू निघत नाही, ही धास्ती निराधार नव्हती. मुंबई इलाख्यात १९४७ चा, विदर्भात १९४६ चा आणि निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादी भाडेनियंत्रण कायदा चालत असे. मुंबईच्या कायद्याने गोठविलेली भाडी कालांतराने अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये म्हटले. तथापि ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा लागू झाला. कायदा पालटला, धास्ती मात्र जुनीच राहिली. आणि तिच्यापोटी अकरा महिन्यांचा तोंडी करार, पावतीला नकार आणि ‘महिनाअखेर खोली रिकामी करा’ हे फर्मान, असा रिवाज पडला.

वस्तुतः कागद टाळण्यात खरे नुकसान मालकाचेच आहे. या अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वये करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तो नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, आणि मालक तीन महिन्यांपर्यंत कैदेस वा पाच हजार रुपयांपर्यंत दंडास पात्र ठरतो. उलट, राहण्यासाठी दिलेल्या घराचा लिव्ह अँड लायसन्सचा दस्तऐवज रीतसर असेल, तर मुदत सरूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे धाव घेता येते आणि दुप्पट दराने भरपाई मिळविता येते. म्हणजे मालकाच्या भयावरचा उतारा त्याच कायद्यात आहे, ज्याला तो बिचकतो. भाड्याची पावती देणे आणि पाणी-वीज योग्य कारणाशिवाय न तोडणे, ही बंधनेही याच कायद्याने मालकावर घातली आहेत.

कायद्याच्या पलीकडेही थोडे जावे लागेल. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घराची अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी ठेवली आहे. राज्यांवर तो आपोआप बंधनकारक नसला, तरी जबाबदार मालकाने ही मर्यादा स्वतःहून पाळण्यास कोणाची आडकाठी आहे? करारातच मीटरचे आकडे, भिंती-नळांची स्थिती, पाण्याचा स्रोत, टँकरचा खर्च कोणी उचलावयाचा आणि पुढील वर्षीची वाढ किती, हे नमूद व्हावे. गावाचे नाव विचारण्याच्या मिषाने जात आणि धर्म चाचपून दार लावून घेण्याची चाल तर तत्काळ बंद झाली पाहिजे. भाडेकरूनेही वेळेवर भाडे देणे, मुदतीत जागा सोडणे आणि वास्तू जपणे हे आपले कर्तव्य मानावे. त्यावाचून मालकाकडे सचोटी मागण्याचा नैतिक अधिकार त्याला उरत नाही.

आता नोंदणी ऑनलाइन होते, त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खेटे घालावे लागतात ही सबब उरलेली नाही. जूनमध्ये नवी मुले शहरात येतील, तेव्हा खोलीची किल्ली देण्यापूर्वी त्यांच्या हाती नोंदलेला करार द्यावा आणि दरमहा पावती फाडावी. ज्या व्यवहाराचा हिशेब मालक कोणाहीपुढे मांडू शकतो, त्यातलेच भाडे रास्त म्हणता येईल. बाकीचे, आकडा कितीही लहान असो, निव्वळ गरजवंताच्या नाइलाजाची वसुली ठरते.