एका वाहिनीच्या तीन वाहिन्या

२५ ला ३ ने भागले की ८.३३ येते. हा साधा भागाकार युरोपातील छोट्या विमानांच्या मालकांना चांगलाच महाग पडला.

वैमानिक व नियंत्रण कक्ष ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. तेथे दोन वाहिन्यांत २५ किलोहर्ट्झचे अंतर असे व ७६० वाहिन्या बसत. विमाने वाढली, जागा पुरेना. तेव्हा युरोपने प्रत्येक वाहिनीचे तीन भाग केले. आरंभ १९९९ मध्ये उंचावरील विमानांपासून झाला. पुढे २०१२ च्या नियमाने, काही अपवाद सोडून, लहान विमानांनाही १ जानेवारी २०१८ ची मुदत दिली. जुन्या रेडिओचे प्रक्षेपण शेजारच्या अरुंद वाहिन्यांवर सांडते, म्हणून चांगला चालणारा संचही बदलणे आले.

वाटणी योग्यच होती, असे आम्ही मानतो. परंतु आकाशातील ही गर्दी रविवारी दोन आसनांचे विमान उडविणाऱ्याने केलेली नव्हती. मोठ्या विमान कंपन्यांनी या खर्चाचा मोठा वाटा उचलावयास हवा होता.

शिवाय नव्या रेडिओने सगळी खरखर जाते असेही नाही. इंजिनाच्या ठिणग्या, सैल झालेली अँटेनाची तार, मध्ये आलेला डोंगर, यांना वाहिनीची रुंदी काय करणार? पालकहो, घरचा रेडिओ खरखरला तर आपणही आधी तारच पाहतो ना!

७६० ची तिप्पट २२८०. प्रत्यक्षात तेवढ्या मिळत नाहीत, आणीबाणीची १२१.५ ही वाहिनी जुन्याच रुंदीची ठेवली आहे.