तू फक्त अभ्यास कर, बाकीचं मी पाहतो

रिसोड तालुक्यात घरातलं लेकरू बारावीला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचं मी पाहतो.’ बोलणारा बाप दिवसभर सोयाबीनमध्ये राबून आलेला असतो. आपल्या वाट्याला जे आलं नाही ते पोराला मिळावं, एवढंच त्याला हवं असतं. त्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही माझं स्पष्ट मत आहे की कॉलेजच्या पहिल्या वर्षी आपली मुलं जी कोलमडतात, त्याची सुरुवात बऱ्याचदा याच वाक्यापासून होते. कारण बापाने स्वतःकडे ठेवलेलं ते ‘बाकीचं’ पुण्याला किंवा संभाजीनगरला पोचल्यावर एका रात्रीत पोराच्या अंगावर पडतं.

हे बोलून दाखवलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : पाण्यात पडलं की पोहता येतंच, आम्ही नाही का गेलो? गेलात, खरं आहे. पण तुम्ही गेलात तेव्हा सतराव्या वर्षापर्यंत बैलजोडी हाकली होती, आठवडी बाजारात भाव केला होता, अडत्याकडून पट्टी मोजून आणली होती. अमरावती-अकोल्यात मामाचं घर होतं, नाहीतर तालुक्यातल्याच चार पोरांनी मिळून केलेली खोली होती. तुमची तयारी कुणी मुद्दाम करून घेतली नाही, ती घरच्या कामातून झाली. आजच्या मुलाला आपणच टक्क्यांसाठी शेतापासून, बाजारापासून, बँकेपासून लांब ठेवलं. ज्याला कधी काठावरही उभं केलं नाही, त्याला ‘आम्ही नाही का गेलो’ असं ऐकवणं अन्यायाचं आहे.

दुसरं म्हणणं थोडं वजनदार आहे. ‘आमचा दोन वर्षं लातूरला होता, त्याला बाहेरची सवय झाली.’ लातूर पॅटर्नने मराठवाड्या-विदर्भातली कितीतरी साध्या घरची मुलं डॉक्टर-इंजिनिअर केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथला दिवस कसा असतो ते पाहा. सकाळी क्लास, दुपारी मेस, पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर निकाल. उठायचं कधी, वाचायचं काय, सोडवायचं किती, सगळं दुसरा ठरवतो. नाव गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगा क्लासमध्ये, अशीही सोय आपण सर्रास लावतो. त्यामुळे प्रयोगवही स्वतः लिहिणं, प्राध्यापकांना जाऊन शंका विचारणं, हजेरी सांभाळणं हे त्याच्या हातून घडतच नाही. मग इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला अचानक कुणीच काही सांगत नाही. दोन महिने मोकळे वाटतात, आणि मग गणिताचा एम-वन पेपर राहतो, अंतर्गत गुण कापले जातात, एटीकेटी लागते. घर सोडून राहण्याची सवय त्याला झालेली असते, स्वतःचा दिवस स्वतः आखण्याची झालेली नसते.

तिसरं उत्तर मोबाइलचं. ‘रोज रात्री फोन करतो की!’ फोनवर जेवलास का, बरा आहेस का, एवढंच बोलणं होतं. खरी गाठ पडते ती शिष्यवृत्तीच्या फॉर्मपाशी. महाडीबीटीवरचा फॉर्म रिसोडच्या नेट कॅफेत भरलेला असतो, पासवर्ड त्या कॅफेवाल्याच्या वहीत असतो, आणि आधारला जोडलेला नंबर वडिलांचा असतो. कॉलेज कागदाची त्रुटी काढून अर्ज परत पाठवतं. पोरगा पुण्यातल्या कार्यालयाच्या खिडकीशी उभा असतो आणि ओटीपी येतो तो शेतातल्या वडिलांच्या फोनवर, तिथे कधी रेंज असते, कधी नसते. मागे रांग, समोर कारकून, आणि हातातला ओटीपी दहा मिनिटांत बाद. अठरा वर्षांच्या मुलाला आपल्याच नावाच्या अर्जात शिरता येत नाही. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसाही जमा होत नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरण असतं हे त्याला मित्राकडून कळतं, बऱ्याचदा मुदत गेल्यावर.

पैशाचं गणित तर आपल्या भागात मुळातच उलटं आहे. प्रवेशफेऱ्या, खोलीचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना, पुस्तकं, हा सगळा खर्च जुलै-ऑगस्टमध्ये येतो. घरातली रोकड तेव्हा जूनच्या पेरणीत गेलेली असते आणि सोयाबीनचा पैसा दसऱ्या-दिवाळीला येणार असतो. मधले तीन महिने घर कसं चालतं ते मुलाला चांगलं माहीत असतं, म्हणून तो मागत नाही. मेसचा डबा एकाच वेळचा लावतो आणि फोनवर ‘जेवलो’ म्हणतो. घरी कुणी त्याला हा हिशोब आधी मांडून दाखवला असता, अमुक एवढे आत्ता आहेत, एवढे ऑक्टोबरमध्ये येतील, अडलं तर या माणसाला सांग, तर त्याने उपास काढले नसते. पैशाची काळजी लपवून आपण मुलाला तिच्यापासून वाचवत नाही, तिच्यासोबत एकटं सोडतो.

मुलींच्या बाबतीत उत्तर आणखी वेगळं असतं : जवळच ठेवू, वाशीमच्या पुढे नको. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची पूर्ण शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये माफ केली. म्हणजे फीचं कारण बरंचसं संपलं. उरते भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रिसोडला रेल्वे नाही, पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायचं आणि पहाटे अंधारात उतरायचं, तर आईच्या जिवाला घोर लागणारच. पण उपाय मुलीला थांबवण्यात नाही. मे महिन्यात आईने तिच्याबरोबर एकदा तो प्रवास करावा, वसतिगृह, कॉलेज, जवळचा दवाखाना दोघींनी मिळून पाहावा. ज्या घरात मुलगी सोळाव्या वर्षी एकटी एसटीने वाशीमला जाऊन दाखला आणते, त्या घरात हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो.

आणि ‘आजकालची पोरंच नाजूक’ हा शेरा मला सगळ्यात जास्त खटकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतल्या सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात झाल्या. हे वाचूनही दोष मुलांच्या मनाच्या घडणीवर ढकलायचा, तर मोठ्यांनी करायचं काही उरतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात नेमकी उलट भूमिका घेतली : शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत, कोचिंग क्लाससुद्धा धरून, किमान एक पात्र समुपदेशक हवा. प्रवेश घेताना आपण फी, प्लेसमेंट, वायफाय विचारतो. समुपदेशक कोण आहेत आणि कुठे बसतात, हेही विचारावं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलीमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मुलाच्या फोनमध्ये साठवून द्यावा, आणि तो नंबर वेड्यांचा नाही, हे घरातल्या मोठ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावं.

आता मी काय मागतो आहे? काही नवीन नाही. गावातल्या मुलाला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच उमगलं होतं. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तिथे मुलं स्वतः स्वयंपाक करत, कष्ट करून शिकत. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडलं. आपल्याच वऱ्हाडात पापळच्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभारलं. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती हेच काम करते आहे. या माणसांनी छपराबरोबर हिशोबाची वही दिली, कामाची पाळी दिली, आणि आधीच्या वर्षी तीच वाट चालून गेलेला मोठा भाऊ दिला. आज कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत यातलं काहीच नसतं. नवागतांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘दीक्षारंभ’ कार्यक्रम २०१९ पासून आहे, पण तो हारतुऱ्यांच्या एका दुपारीत आटोपला तर मुलाच्या पदरात काय पडणार?

म्हणून हे काम रिसोडातच सुरू व्हायला हवं. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि बहुतेक मुलं जुलैपर्यंत घरी असतात. त्या महिन्यांत इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी चार रविवार बाजूला काढावेत. एका रविवारी बाहेर शिकणाऱ्या, सुट्टीला आलेल्या आपल्याच मुलामुलींना बोलवावं. एटीकेटी लागलेल्यालाही बोलवावं, सत्कारासाठी नाही, काय चुकलं ते सांगण्यासाठी. दुसऱ्या रविवारी प्रत्येकाने स्वतःच्या नंबरावर आधार जोडलंय का, महाडीबीटीचा पासवर्ड पाठ आहे का, उत्पन्न, अधिवास, जात पडताळणीचे कागद स्वतःच्या फायलीत आहेत का, हे तपासावं. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून निर्वाहाचे पैसे मिळतात, ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. हे फॉर्म मुलांनी स्वतःच्या हाताने भरावेत, शिक्षकांनी फक्त शेजारी उभं राहावं. उरलेले दोन रविवार भाषेला द्यावेत : इंग्रजी व्याख्यानातून टिपणं कशी काढायची, आणि ‘का’ऐवजी आपलं वऱ्हाडी ‘काहून’ म्हटल्यावर वर्ग हसला तरी पुढचा प्रश्न कसा विचारायचा.

यावर एक आक्षेप राहतोच : हातात पैसे आणि पासवर्ड दिले तर पोरगं बिघडेल. काही जण उधळतील, मान्य. म्हणून तर अकरावीपासून द्यायचे. महिन्याला पाचशे रुपये द्यावेत, त्यांतूनच वह्या, रिचार्ज, वाशीमचं तिकीट भागवायला सांगावं, आणि महिनाअखेरीस हिशोब आईला दाखवायला लावावा. दोनदा चुकेल, दोनदा पंधरा तारखेलाच खिसा रिकामा होईल. तेव्हा रागवावं, पण पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा त्याच्याच हातात ठेवावेत.