उताराचा जमाखर्च

आमच्या धाकट्या भाच्यास या आठवड्यात मोटार चालविण्याचा पक्का परवाना मिळाला आणि त्याप्रीत्यर्थ घरी पेढे वाटले गेले. पेढ्यांस माझी हरकत नसते, हे या सदराच्या वाचकांस सांगावयास नकोच; परंतु पेढा घेता घेता मी त्यास, घाट उतरताना गाडी कोणत्या गिअरमध्ये ठेवावी, असा अगदी साधा प्रश्न केला, तेव्हा ‘मामा, हे परीक्षेत नव्हतं’ एवढेच उत्तर देऊन त्याने पुढचा पेढा उचलला, आणि त्या उत्तरातील निरागस आत्मविश्वासाने मी जो अस्वस्थ झालो तो अद्याप सावरलेलो नाही.

नियमांत उणीव आहे म्हणावे, तर तसे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांच्या बरहुकूम हलकी मोटार शिकविणाऱ्या शाळेने किमान 21 दिवस शिक्षण द्यावे आणि त्यांत प्रत्यक्ष गाडी चालविण्याचे तास दहांहून कमी नसावेत, अशी तरतूद आहे. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असून तो हाती आल्यावर 30 दिवसांनी पक्क्या परवान्याच्या चाचणीस बसता येते. एवढा बंदोबस्त असूनही 2022 या एका वर्षात देशभरातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली, आणि त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातील होती.

व्यवहारात शिरस्ता असा, की शाळेच्या गाडीत एकजण चालवितो, बाकीचे उमेदवार मागे दाटीवाटीने बसून स्वतःची पाळी येईतो मोबाइल पाहतात, आणि शेजारी बसलेल्या शिक्षकांच्या पायाशी क्लच व ब्रेक यांची दुसरी जोडी असल्यामुळे, आपण गाडी थांबविली की त्यांनी थांबविली, याची रुजवात विद्यार्थ्यास अखेरपर्यंत होत नाही. आठाचा आकडा काढणे, हाफ क्लचवर चढ चढणे आणि गाडी मागे घेणे या तीन विद्या साधल्या की विद्यार्थी निष्णात ठरतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, किंवा ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आपण दचकण्यात घालविलेल्या एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते, या गोष्टी शाळा सांगत नाही. आणि मोटार बाळगण्यास खर्च किती येतो हे सांगणे तर शाळा, दुकानदार आणि वडीलधारे यांपैकी कोणालाच आपले काम वाटत नाही.

खर्चाचा विषय निघाला की आमच्या साडूंची आठवण होणे क्रमप्राप्त आहे. हे गृहस्थ बँकेच्या हिशेब खात्यातून सेवानिवृत्त झालेले आहेत. मोटारीच्या कप्प्यात त्यांची एक लाल बांधणीची वही असते; पेट्रोल भरल्याची तारीख, लिटर, किलोमीटर आणि त्यांवरून काढलेले ॲव्हरेज दोन दशांश स्थळांपर्यंत त्या वहीत नोंदलेले असते, आणि ही खतावणी पाहिली असता मोटार हे पेट्रोलचे किलोमीटरांत रूपांतर करणारे यंत्र असून तिला दुसरा कोणताही खर्च नाही, असा पाहणाऱ्याचा समज व्हावा. वास्तविक विमा कंपन्यांच्या कोष्टकाप्रमाणे पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्म्यावर येते. म्हणजे आठ लाखांची मोटार दर वर्षी सरासरी 80 हजार रुपये इमारतीखाली उभ्या उभ्याच खाते. त्या रकान्यास वहीत स्थान नाही. मागे पार्किंगच्या खांबास घासून बंपरवर ओरखडा उठला, तेव्हा साडूंनी मोठ्या चातुर्याने विम्याचा दावा करून किरकोळ रक्कम वसूल केली. मात्र वर्षानुवर्षे दावा न केल्यामुळे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी निम्मी सूट त्या ओरखड्यापायी पुढच्या नूतनीकरणात साफ गेली. तीही वहीत नाही.

अलीकडे साताऱ्याहून एका मुंजीवरून आम्ही त्यांच्याच गाडीतून परतत होतो. नवा कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलाकडचा उतार लागताच साडूंनी गिअर न्यूट्रलमध्ये टाकला आणि फुकटचे किलोमीटर सुरू झाल्याच्या समाधानाने ते आसनात रेलले. ज्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका मालवाहू वाहनाने अनेक वाहनांस धडक दिली, तोच हा उतार. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी दगा देतात, ही माझी सारी कैफियत त्यांनी ऐकून घेतली आणि ‘चाळीस वर्षं चालवतोय मी’ एवढाच अभिप्राय दिला. मागून मेहुणी म्हणाली, ‘त्यांना सांगून उपयोग नाही भाऊजी, लग्नातसुद्धा वरातीची गाडी ह्यांनी उतारावर बंद करायला लावली होती.’

तेव्हा मी निराळी मसलत केली. न्यूट्रलची ही सवय पद्मिनी-अँबॅसडरच्या कार्बोरेटरच्या काळातली आहे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर घातलेला असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की गाडीचा संगणक पेट्रोल मुळी बंदच करतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे थोडे जाळीतच राहतो, असे मी त्यांस समजावून सांगितले. जीवितहानीच्या वर्णनाने ज्यांच्या चेहऱ्यावरील रेष हलली नव्हती, ते साडू हे ऐकून अक्षरशः पांढरे पडले. ‘म्हणजे इतकी वर्षं उतारावर पेट्रोल जात होतं?’ असे म्हणून त्यांनी तत्काळ तिसरा गिअर घातला, इंजिनाने गाडी आवरून धरली, आणि नवले पुलापर्यंत आम्ही अत्यंत सुरक्षितपणे व संपूर्ण मौनात आलो.

आता ते न चुकता गिअरमध्ये घाट उतरतात. कारणाविषयी मी वाद घालीत नाही. वहीत मात्र ‘उतार’ असा एक नवा रकाना आखला गेला असून, त्यातील आकडे वाढावेत म्हणून स्वारी हल्ली भाजी आणावयासही टेकडीला वळसा घालून जाते, अशी मेहुणीची ताजी तक्रार आहे.