लुळा हात ओढू नका

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस दवाखान्यातून घरी आला, की आपण त्याला कॉटवर निजवतो, घास भरवतो, हाताला तेल चोळतो. माया खरी, पण एवढ्याने हात परत येत नाही, हे आम्हांस सांगावेसे वाटते.

बिघाड झालेला असतो मेंदूत. म्हणून थोडे बळ आले तरी घास तोंडाशी नीट जात नाही, पाऊल भलतीकडे पडते. मेंदू मात्र पुन्हा शिकू शकतो. तीच हालचाल रोज, पुन्हा पुन्हा करून घेणे हा फिजिओथेरपीचा गाभा. पेला उचलणे, बटण लावणे, खुर्चीवरून उठणे-बसणे हेच त्यातले धडे.

दुखण्याचेही तसेच. लुळ्या हाताचा खांदा सैल पडतो. उठवताना तोच हात ओढला, की खांदा ठणकू लागतो. हात तसाच पडून राहिला तर सांधा आखडतो आणि दुखणे वाढते. म्हणून हाताखाली उशी द्यावी, उठवताना पाठीला आधार द्यावा.

मुंबईत हाजीअली येथे या उपचारांची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो. व्यायाम तेथे शिकून घ्यावा, घरी नेमाने चालवावा. छातीत दुखले, धाप लागली तर थांबून लगेच डॉक्टर गाठावा.

वाचकहो, उद्या सदऱ्याचे एक बटण त्यांचे त्यांना लावू द्या. वेळ लागेल. लागू द्या.