नावावर जाऊ नये

आमच्या कन्येच्या मनात आले, की अंधार पडताच आकाशकंदील आपोआप लागावा आणि उजाडताच विझावा. उजेडाचा अंदाज घेऊन दिव्याला हुकूम सोडण्यासाठी तिला एक 'ऑप-अँप' हवा होता. मी मराठीचा मास्तर, तरी लॅमिंग्टन रोडवर जाऊन ऐटीत म्हणालो, "७४१ द्या!" १९६८ सालापासूनचे ते बडे नाव तेवढे माझ्या कानावर होते.

कंदील लागला, पण भर दुपारीही विझेना. "वेंधळी आहेस!" मी म्हणालो. ती काहीच बोलली नाही. रात्री मात्र माहितीपत्रक घेऊन आली.

"बाबा, ७४१ ची सवय अधिक-उणे १५ व्होल्टची. आपल्याकडे मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट. त्यात तो शून्यापर्यंत उतरतच नाही. व्होल्ट-दीड व्होल्ट उरतो आणि तेवढ्यावर ट्रान्झिस्टर चालूच राहतो."

तिने एलएम३५८ आणवला. तो ३ व्होल्टांवरही चालतो आणि शून्याजवळ उतरतो. वर मात्र ५ पैकी साडेतीनच्या आसपासच थांबतो. आमचे काम तेवढ्यात भागले. शून्यापासून पाचापर्यंत सगळा पल्ला हवा असेल, तर एमसीपी६००२ घ्यावा. त्याला ६ व्होल्टांपुढे मात्र देऊ नये. गाण्याच्या यंत्राला कमी खरखरीचा टीएल०७२ बरा, पण त्याला पुरवठा भरपूर हवा.

वर्गात मी बजावत असतो, "आधी संहिता वाचा, मग मत द्या." घरात ती वाचली कन्येने, मत दिले मी. 'वेंधळी' हा शब्द मी परत घेतला. सकाळी कंदील आपला आपण विझला.